मायना आणि मजकूर

मोडीतली जुनी पत्रे वाचायला शिकणाऱ्याला सर्वांत आधी ओळखू येतो तो मायना. पत्र कोणी कोणाला लिहिले हे बदलले, तरी मानाची विशेषणे, आशीर्वाद किंवा दंडवत, ‘विज्ञापना’ हा शब्द, हे सगळे ठरलेल्या साच्यात येते. पाचसहा पत्रे पाहिली की डोळ्यांना ती वळणे सरावतात. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. मायना संपला की मजकूर लागतो आणि तो प्रत्येक पत्रात वेगळा असतो. कुठे वसुली थकलेली, कुठे फौज येऊन गेलेली, कुठे कोणाचे बैल चोरीला गेलेले. इतिहास या मजकुरात असतो. पण नवशिक्याची नजर मायन्यावरच रेंगाळते, कारण तो पुन्हा पुन्हा येतो आणि ओळखीचा वाटतो.

जीवाणूंच्या प्रतिकारशक्तीचा शोध लागला त्या पंचवीस वर्षांत असेच काहीसे घडले. आज ‘क्रिस्पर’ हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेले आहे, तेही ‘जनुकीय कात्री’ या उपनावासह. उपनाव सोपे आहे, म्हणून ते टिकले. पण जीवाणूंकडे डीएनए कापणाऱ्या कात्र्या आहेत हे क्रिस्परच्या कितीतरी आधी माहीत होते; त्या शोधासाठी वेर्नर आर्बर, डॅनिएल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे नोबेल मिळालेले होते. क्रिस्परमध्ये नवीन होते ते कापण्याआधीचे काम. काय कापायचे आणि काय मुळीच कापायचे नाही, हे एक पेशी लिहून ठेवलेल्या नोंदीवरून ठरवते. ही नोंद समोर असूनही ती वाचायला माणसांना इतका काळ का लागला, हा या लेखाचा विषय.

सुरुवात जपानमध्ये झाली. ओसाका विद्यापीठात अत्सुओ नाकाता यांच्या प्रयोगशाळेत योशिझुमी इशिनो आणि त्यांचे सहकारी आपल्या आतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूच्या एका जनुकाचा अभ्यास करत होते. डीएनए म्हणजे ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला लांब दुहेरी धागा. एका धाग्यावर ए असेल तर समोर टी, आणि जी असेल तर समोर सी. ही अक्षरे एकेक करून वाचणे त्या काळी फार कष्टाचे काम होते. हव्या त्या जनुकाचे वाचन पुरे झाले आणि त्याच्या शेजारी एक विचित्र प्रकार दिसला. २९ अक्षरांचा एक तुकडा पाच वेळा जवळजवळ जसाच्या तसा आला होता, आणि दर दोन तुकड्यांच्या मध्ये ३२ वेगळीच अक्षरे होती. डिसेंबर १९८७ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी हा क्रम जसा दिसला तसा नोंदवला आणि याचा जैविक अर्थ कळत नाही असे प्रांजळपणे लिहून निबंध संपवला.

दुसरा धागा स्पेनच्या किनाऱ्यावरचा. आलिकांते शहराजवळ सांता पोला येथे मिठागरे आहेत. त्यांच्या खारट पाण्यात हॅलोफेरॅक्स मेडिटरेनिआय नावाचा सूक्ष्मजीव सुखाने राहतो. तो जीवाणूंसारखा दिसत असला तरी आर्किया या वेगळ्या कुळातला. फ्रान्सिस्को मोहिका हा आलिकांते विद्यापीठातला तरुण संशोधक मीठ कमीजास्त झाल्यावर या जीवाच्या डीएनएमध्ये काय फरक पडतो हे पाहत होता. त्यालाही तीसेक अक्षरांचे तुकडे पुन्हा पुन्हा येताना दिसले. दर दोन तुकड्यांच्या मध्ये सुमारे ३६ अक्षरांचे अंतर होते. ग्रंथालयात शोधताना त्याला जपानी गटाचे काम सापडले. खारट डबक्यातला आर्किया आणि आतड्यातला जीवाणू यांचे नाते इतके दूरचे की दोघांकडे सारखीच रचना असणे हा योगायोग मानणे कठीण होते. हिचे काहीतरी महत्त्वाचे काम असले पाहिजे, असे मोहिकाच्या मनाने घेतले, आणि पुढची अनेक वर्षे त्याने हा नाद सोडला नाही.

पण हे काम काय, याचा त्याचा पहिला अंदाज चुकला. पेशी दुभंगताना डीएनएची नीट वाटणी व्हावी म्हणून हे पुनरावर्ती तुकडे असावेत, असे त्याला वाटले होते. म्हणजे त्याचेही लक्ष पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागावर, आपल्या भाषेत मायन्यावर होते. २००० पर्यंत त्याला अशी रचना २० निरनिराळ्या सूक्ष्मजीवांत आढळली. नावही मायन्यावरूनच पडले. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे रूड यान्सन आणि मोहिका यांनी पत्रव्यवहार करून एकच नाव ठरवले आणि २००२ मध्ये ते छापले गेले: क्रिस्पर. या आद्याक्षरांचा अर्थ, ठरावीक अंतराने गुच्छात येणारी, छोटी, उलटसुलट वाचता येणारी पुनरावर्तने. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य जसे कोणत्याही टोकाकडून वाचले तरी तेच राहते, तशातला हा प्रकार. फरक इतकाच की येथे उलट वाचन समोरच्या धाग्यावर करायचे. नावात पुनरावर्तनांचे सगळे वर्णन आले. मधल्या मजकुराबद्दल मात्र त्यात एक शब्द नाही.

यान्सन यांच्या गटाने त्याच निबंधात आणखी एक गोष्ट दाखवली. या रचनेच्या शेजारी बहुधा ठरावीक जनुके असतात. त्यांना ‘कॅस’ म्हणजे क्रिस्परची सोबती जनुके हे नाव मिळाले. अमेरिकेत किरा माकारोव्हा आणि यूजीन कूनिन यांना त्याच वर्षी, क्रिस्परशी संबंध न जोडता, हीच जनुके अनेक जीनोममध्ये एकत्र दिसली. ती डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा असावी असा त्यांचा तर्क होता. वाटणीची यंत्रणा, दुरुस्तीची यंत्रणा असे तर्क होत राहिले. मधली अक्षरे निव्वळ भरताड मानली जात होती.

ती भरताड अक्षरे मोहिकाने २००३ च्या ऑगस्टमध्ये, सगळे स्पेन समुद्रावर सुटीला गेलेले असताना, कचेरीत बसून वाचायला घेतली. पद्धत साधी होती. मधला एकेक तुकडा घ्यायचा आणि तोवर जगात वाचल्या गेलेल्या सर्व जनुकीय क्रमांच्या संगणकी संग्रहात तो कुठे सापडतो का ते पाहायचे. पूर्वीही त्याने हे करून पाहिले होते आणि काही हाती लागले नव्हते. पण संग्रह दरवर्षी वाढत होता. या वेळी ई. कोलायच्या एका वाणातला एक तुकडा जुळला, आणि जुळला तो पी१ नावाच्या फाजशी. फाज म्हणजे जीवाणूंवर जगणारे विषाणू. पी१ हा ई. कोलायला मारतो, पण नेमक्या या वाणाला मात्र तो बाधत नाही हे आधीच ठाऊक होते. मोहिकाने मग असे ४,५०० तुकडे तपासले. त्यांतले ८८ कशाशी तरी जुळले, आणि त्या ८८ पैकी सुमारे दोनतृतीयांश तुकडे त्या त्या जीवाशी संबंध येणाऱ्या विषाणूंचे किंवा एका पेशीतून दुसरीत शिरणाऱ्या प्लाझ्मिड नावाच्या डीएनए-कड्यांचे निघाले.

म्हणजे मधला मजकूर शत्रूंची यादी होता, आणि ज्याचे नाव यादीत होते त्या शत्रूला तो जीवाणू दाद देत नव्हता. मोहिकाने लिहिले की ही प्रतिकारयंत्रणा आहे. निबंध ‘नेचर’ने बाहेरच्या तज्ज्ञांकडे न पाठवताच परत केला. त्यानंतर आणखी तीन नियतकालिकांनी नकार दिला. अखेर तो फेब्रुवारी २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर इव्होल्यूशन’मध्ये छापून आला.

याच सुमारास फ्रान्समधले दोन गट त्याच जागी पोचले होते. जिल व्हेर्न्यो आणि क्रिस्तीन पुर्सेल यांच्या गटाला संरक्षण खात्यासाठी प्लेगच्या जीवाणूंचे वाण वेगळे ओळखण्याची पद्धत हवी होती. १९६० च्या दशकातल्या व्हिएतनाममधल्या प्लेगच्या साथीचे नमुने त्यांच्याकडे होते. हे वाण एरवी इतके सारखे की फरक करता येईना. क्रिस्परच्या जागी मात्र फरक दिसला. काहींत नवे तुकडे आलेले होते, आणि ते नेहमी रांगेच्या एकाच टोकाला. रोजकीर्दीत ताजी नोंद कुठे पडते हे ठरलेले असावे, तसे. त्यांनी याला जुन्या आक्रमणांची स्मृती म्हटले. कृषी संशोधन संस्थेतले अलेक्झांडर बोलोतिन यांनी दुधातल्या जीवाणूंत हेच पाहिले आणि आणखी एक बारकावा टिपला: हे तुकडे फाजमध्ये जिथे सापडतात, तिथे त्यांच्या लगत बहुधा अक्षरांची एक छोटी ठरावीक खूण असते. तिन्ही निबंध २००५ चे.

यावर विश्वास ठेवणे जड का गेले असेल, हे समजण्यासारखे आहे. प्रतिकाराची स्मृती म्हटले की आपल्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी, लस, देवी येऊन गेलेला माणूस असे काही आठवते. एका पेशीच्या जीवाला स्मृती कसली? शिवाय आपल्या अंगची ती स्मृती आपल्याबरोबर संपते. आईला गोवर येऊन गेला म्हणून लेकरू जन्मभरासाठी सुटत नाही. येथे तर आयुष्यात आलेला अनुभव थेट जीनोममध्ये लिहिला जाऊन पुढच्या पिढ्यांना मिळतो असा दावा होता. त्याला प्रयोगाचा आधार हवा होता, आणि २००५ च्या तिन्ही निबंधांत होते ते वाचन.

प्रयोग झाला तो विरजणावर. आपल्या घरी विरजण बिघडले तर शेजारून वाटीभर दही आणता येते. हजारो लिटर दुधाच्या टाकीत फाज शिरला तर दह्याचा किंवा चीजचा सबंध घाणा वाया जातो, म्हणून विरजण विकणाऱ्या कंपन्या फाजला दाद न देणारे वाण सतत शोधत असतात. फ्रान्समध्ये अशा एका कंपनीत फिलिप होर्वाथ काम करत होते. पुढे ती दानिस्को या डॅनिश कंपनीने घेतली. दानिस्कोच्या अमेरिकेतल्या शाखेत रोडॉल्फ बारांगू होते आणि क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठात फाजांचे जाणकार सिल्व्हँ म्वानो. त्यांनी स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या दह्यातल्या जीवाणूवर फाज सोडले. बहुतेक जीवाणू मेले. जे थोडे वाचले त्यांच्या क्रिस्परच्या रांगा वाचल्या, तेव्हा त्यांत नवे तुकडे आलेले होते आणि ते त्याच फाजच्या डीएनएतले होते. तो तुकडा काढून टाकला की प्रतिकार जाई. दुसऱ्या जीवाणूत घातला की प्रतिकार येई. शेजारचे एक मोठे कॅस जनुक निकामी केले, तर यादी शाबूत असूनही जीवाणू मरत. हेच जनुक पुढे कॅस९ या नावाने जगप्रसिद्ध झाले. मार्च २००७ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापले गेले आणि मोहिकाचा तर्क प्रयोगाने सिद्ध झाला.

या प्रयोगातली एक गोष्ट इतिहासाच्या वाचकाला जवळची वाटेल. नोंद असते ती वाचलेल्याची. पहिल्या हल्ल्यात बहुतेक पेशी काही लिहिण्याआधीच संपतात. पुढे म्वानो यांच्याच गटाने दाखवले की अधू, नीट वाढू न शकणारे फाज असले तर नवी नोंद करणे पेशीला बरेच सोपे जाते. म्हणजे एक प्रकारे लस टोचल्यासारखेच. नोंद लिहिण्याचे काम कॅस१ आणि कॅस२ ही प्रथिने करतात. ती परक्या डीएनएचा तुकडा घेऊन रांगेच्या सुरुवातीला बसवतात आणि त्याबरोबर मायन्याची एक नवी प्रतही तयार होते. म्हणून या रांगेत काळाचा क्रमही उमटतो: सुरुवातीची नोंद ताजी, टोकाची जुनी.

नोंद आहे, पण ती वापरली कशी जाते? पुढच्या तीन वर्षांत याची उत्तरे एकामागोमाग येत गेली. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन येथे स्टान ब्राउन्स आणि जॉन व्हान डेर ओस्ट यांनी २००८ मध्ये दाखवले की सबंध रांगेची आधी आरएनएमध्ये एक लांब नक्कल होते, मग ती कापून सुटे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात एका शत्रूचा मजकूर असतो. कॅस प्रथिने तो सुटा तुकडा हातात धरून पेशीत फिरतात. पहारेकऱ्याच्या हाती चिठ्ठी द्यावी तशी. ब्राउन्स यांच्या गटाने लॅम्डा नावाच्या फाजविरुद्ध स्वतः जुळवलेला मजकूर ई. कोलायच्या रांगेत घातला, आणि त्या जीवाणूंत लॅम्डाला प्रतिकार आला. माणसाने जीवाणूच्या वहीत आपल्या हाताने ओळ लिहिली आणि जीवाणूने ती मानली.

चिठ्ठी शत्रूच्या डीएनएशी ताडून पाहिली जाते की त्याच्या आरएनएशी, हा प्रश्न उरला होता. चिठ्ठी स्वतः आरएनएची, म्हणून ती आरएनएला गाठत असावी असे कित्येकांना वाटत होते. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात लुचानो माराफिनी आणि एरिक सोन्थायमर यांनी याचा सुंदर निकाल लावला. त्यांनी एका प्लाझ्मिडमधल्या ओळखीच्या मजकुराच्या मधोमध एक असा तुकडा घुसवला, जो डीएनएमध्ये राहतो पण आरएनए होताच आपोआप गळून पडतो. म्हणजे आरएनएमध्ये मजकूर अखंड, डीएनएमध्ये मोडलेला. जीवाणूने त्या प्लाझ्मिडला हरकत घेतली नाही. ताडणी डीएनएशी होत होती. डिसेंबर २००८ मध्ये छापलेल्या या निबंधात त्यांनी लिहिले की असे असेल तर ही यंत्रणा हव्या त्या डीएनएवर रोखता येईल. दोन वर्षांनी म्वानो यांच्या गटाने दाखवून दिले की दह्याच्या जीवाणूत परका डीएनए खरोखरच कापला जातो, आणि तोही ठरलेल्या जागी, बोलोतिन यांनी पाहिलेल्या खुणेपासून तीन अक्षरे अलीकडे.

येथे एक अडचण कोणाच्याही लक्षात येईल. शत्रूचा मजकूर जसा शत्रूच्या डीएनएत आहे, तसाच तो जीवाणूच्या स्वतःच्या रांगेतही आहे. पहारेकरी नुसता मजकूर ताडू लागला तर पहिला घाव घरच्या वहीवर पडेल. यावरचा तोडगा त्या छोट्या खुणेत आहे. जुन्या अस्सल पत्रावर मोर्तब असते, दफ्तरात ठेवलेल्या नकलेवर बहुधा नसते. तशी फाजच्या डीएनएत मजकुराला लागून ती खूण असते. जीवाणूच्या रांगेत त्या जागी मायना येतो आणि मायन्यात ती खूण नसते. घसादुखीच्या स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनेस या जीवाणूच्या कॅस९ ला हवी असलेली खूण म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि त्यापुढे दोन जी. स्टॅफिलोकॉकसच्या एका जातीत माराफिनी आणि सोन्थायमर यांना २०१० मध्ये वेगळीच रीत आढळली. तेथे चिठ्ठीत मजकुराबरोबर मायन्याचा थोडा भाग येतो. समोरच्या डीएनएशी तोही जुळला, तर ते घरचेच आहे असे समजून सोडून दिले जाते. वीस वर्षे ज्या मायन्याचा अर्थ लागत नव्हता, त्याला असा अर्थ मिळाला. घर ओळखण्यासाठी तो लागतो.

कॅस९ चे काम आता पायरीपायरीने सांगता येते. ते डीएनएवर येथे तेथे टेकते, खूण नसेल तर क्षणात सोडते. खूण सापडली तरच तिच्या लगतचा दुहेरी धागा किंचित उसवते आणि चिठ्ठीतली अक्षरे समोरच्या अक्षरांशी जुळवू लागते. सुरुवात खुणेच्या बाजूने होते. पहिल्या दहाबारा अक्षरांतच विसंगती निघाली तर काम बहुधा तेथेच थांबते. वीसच्या वीस अक्षरे जुळत गेली की प्रथिनाचा आकार बदलतो, त्याच्या दोन पात्या जागेवर येतात आणि दोन धाग्यांपैकी एकेक कापतात. आधी खूण, मग थोडी अक्षरे, मग सगळी अक्षरे आणि मग घाव. फाजांनाही हे जणू पाठ आहे. मजकुरातले किंवा खुणेतले एखादे अक्षर बदललेला फाज पहाऱ्यातून निसटतो. काही फाज तर कॅस प्रथिनांनाच जखडून टाकणारी प्रथिने बाळगतात, हे २०१३ मध्ये उघड झाले. जीवाणूला नवी नोंद करावी लागते, आणि हे असेच चालू राहते.

आता उरला कथेचा तो भाग जो सर्वांना ठाऊक आहे. इमान्युएल शार्पांतिए आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घसादुखीच्या जीवाणूत आणखी एक छोटा आरएनए शोधला. चिठ्ठीतल्या मायन्याच्या भागाला तो बरोबर जुळतो, आणि या जोडीशिवाय कॅस९ चिठ्ठी धरूच शकत नाही. मायन्याचे हे दुसरे काम. त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्तो रिकोतल्या एका परिषदेत शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांची भेट झाली. त्यांच्या गटांनी मिळून कॅस९ आणि हे दोन आरएनए पेशीबाहेर, परीक्षानळीत एकत्र आणले, हव्या त्या ठिकाणी डीएनए कापून दाखवला आणि दोन आरएनए जोडून त्यांचा एकच केला. निबंध ८ जून २०१२ ला पाठवला गेला आणि २८ जूनला प्रसिद्ध झाला. लिथुएनियात व्हिल्नियस येथे व्हिर्जिनियुस शिक्शनिस यांच्या गटाने दह्याच्या जीवाणूतल्या कॅस९ वर तेच मूळ काम केले होते आणि एप्रिलमध्येच ‘सेल’ला पाठवले होते. ते काही दिवसांत, परीक्षणाला न जाता, परत आले. दुसरीकडे ते सप्टेंबरमध्ये छापले गेले. २०१८ चे काव्ली पारितोषिक तिघांना मिळाले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल शार्पांतिए आणि डाउडना यांना.

नोबेल कोणाला मिळावे याचा वाद येथे करायचा नाही. शार्पांतिए आणि डाउडना यांचे काम त्या मोलाचे आहेच. पण नोबेल समितीने गौरव केला तो जीनोम संपादनाच्या पद्धतीचा, आणि लोकांच्या मनात कात्री राहिली. मिठागरे, प्लेगचे नमुने आणि दह्याची विरजणे यांतून उलगडलेली ओळखीची यंत्रणा मागे पडली. याचा परिणाम केवळ श्रेयापुरता राहिला नाही. हत्याराला कात्री म्हटले की ते हाती आले म्हणजे काम झाले असे वाटू लागते. जीवाणूचा जीनोम काही लाख ते फार तर कोटी-दीड कोटी अक्षरांचा, माणसाचा सुमारे तीन अब्जांचा. वीस अक्षरांची चिठ्ठी घेऊन एवढ्या मोठ्या मजकुरात गेल्यावर जवळजवळ तसाच दिसणारा दुसरा तुकडा भेटण्याचा धोका असतो, आणि एकदोन अक्षरांचा फरक कॅस९ कधी कधी खपवून घेते. शेनझेनच्या हे जियानकुई यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केले की त्यांनी गर्भावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. घाव बसले होते. पण हवा तो नेमका बदल झालेला नव्हता आणि सर्व पेशी सारख्याही नव्हत्या. पुढच्या वर्षी चीनच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. त्या मुलींच्या शरीरातली ती अक्षरे मात्र आता कायमची तशी आहेत.

ओळखीच्या बाजूने विचार केला की काय साधते, याचे एक उदाहरण आपल्याकडचे आहे. दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेत देबज्योती चक्रवर्ती, सौविक माइती आणि सहकारी फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जीवाणूच्या कॅस९ वर काम करत होते. हे प्रथिन चुकीच्या अक्षराबाबत फार काटेकोर आहे. सिकलसेल आजारात एका जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. हा बदल ओळखता यावा असा त्यांचा प्रयत्न होता. विदर्भातल्या, विशेषतः आदिवासी भागांतल्या कुटुंबांना या आजाराबद्दल वेगळे सांगायला नको. २०२० मध्ये साथ आली तेव्हा त्यांनी हीच युक्ती करोना विषाणूच्या चाचणीसाठी वापरली आणि कागदी पट्टीवर उत्तर देणाऱ्या त्या चाचणीला नाव दिले ‘फेलुदा’, सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे. येथे मोल होते ते अचूक ओळखण्याला. त्याच सिकलसेल आजारावर क्रिस्परने रुग्णाच्या पेशी बदलून करायच्या पहिल्या उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत मान्यता मिळाली. तो उपचार अतिशय महाग आहे आणि विदर्भातल्या घरांपासून अजून फार दूर आहे.

शेवटी पुन्हा ओसाकाकडे येऊ. इशिनो यांनी ज्या ई. कोलायमध्ये ती रांग प्रथम पाहिली, त्या वाणात ही यंत्रणा एरवी निजलेली असते. पेशीतलेच एक प्रथिन तिला दाबून ठेवते, हे २०१० च्या सुमारास कळले. म्हणजे त्यांनी त्या वेळी फाज सोडून पाहिले असते, तरी बहुधा काही दिसले नसते. मोहिकाला जुळणी सापडली तीही संग्रहात तोवर कोणीतरी पी१ चा क्रम भरून ठेवला होता म्हणून. १९८७ मध्ये ओळख पटण्याजोगे दुसरे कागद जगात कुठेच नव्हते. इशिनो आणि नाकाता यांनी त्या पाच ओळी आपल्या विषयाच्या नाहीत म्हणून वगळल्या नाहीत; मायना आणि मजकूर दोन्ही अक्षर न गाळता उतरवून ठेवले. अर्थ लागला नाही तरी कागद जपून ठेवावा, हे दफ्तरात बसणाऱ्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही.